उरलासुरला आशीर्वाद

टीचरसमोर शिंकायची सोय नव्हती. शिंक आली आणि शेजारचं कुणी सवयीनं "गॉड ब्लेस यू" म्हणालं, की टीचर त्या म्हणणाऱ्याकडे वळायच्या आणि विचारायच्या, "कशासाठी?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? माणूस गोंधळायचा, हसायचा. टीचर हसायच्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. "देवाला काम सांगितलंस ना? मग काय काम ते तरी सांग."

आमच्या अंधेरी पूर्वेच्या गावठाणात त्या सगळ्यांच्या टीचर होत्या. चाळीस वर्षं शाळेत तिसरीला गणित आणि मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्ताची भाकर पहिल्यांदा घेणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षण द्यायला लागल्या. लग्न केलं नव्हतं. गुडघ्याखाली येणारा सुती झगा, पायात शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात छत्री. उन्हाळा असो, हिवाळा असो, छत्री असायचीच. ती त्या उघडत मात्र फारशा नसत. ती बोट दाखवायला होती.

मी मूळची मुलुंडची. आम्हीही मराठी बोलणारे कॅथलिकच, पण इमारतीत वाढलेले. लग्न होऊन या गावठाणात आले तेव्हा मला इथलं सगळंच दाट वाटलं. भिंतीला भिंत लागून घरं, कोपऱ्यावर झेंडूच्या माळा घातलेला दगडी क्रूस, डोक्यावरून छपराला घासून गेल्यासारखी जाणारी विमानं. आणि रोज सकाळी गल्लीतून फिरणाऱ्या टीचर.

हे त्यांचं फिरणं म्हणजे व्यायाम नव्हता. रोज सकाळच्या मिस्साहून, चर्चमधल्या उपासनेहून परतताना त्या गल्लीतल्या कुणाही एकासमोर उभ्या राहायच्या आणि त्याच्याबद्दलची एक चांगली गोष्ट त्याला तोंडावर सांगायच्या. एकच. आणि ती खरी असायला हवी, हा त्यांचा नियम. गटार साफ करणाऱ्या माणसाला, "काल तू काढलंस तिथं आज पाणी वाहतंय." मासळीवालीला, "तुझा तराजू खरा हाय." दारू पिऊन पायरीवर बसलेल्या आमच्या शेजाऱ्याला, "तू प्यायलास तरी बायकोवर हात नाय उचलत. हे मी बघितलंय." तो बिचारा दिवसभर पायरीवर ताठ बसून राहिला होता.

कुणाबद्दल काही मिळालं नाही, तर तेही सांगायच्या. माझ्यासमोर एकदा उभ्या राहिल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आज काय सापडलं नाय. उद्या बघते."

मी नवी सून. मला रडूच आलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मला तर सहा महिने सापडलं नव्हतं."

पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना विचारलं, हे काय चालवलंय तुम्ही? त्यांनी सांगितलं, की त्या लहान असताना कॉन्व्हेंटमधल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं त्यांना आशीर्वादासाठीच्या लॅटिन शब्दाचा अर्थ शिकवला होता. बरं बोलणं. एवढाच. "देव आपल्याबद्दल बरं बोलतो, तो आशीर्वाद. देवाचं बोलणं खोटं नसतं. मग आपण बोलायचं ते पण खरं पायजे. खोटं बरं बोललं तर ती नुसती मस्केबाजी."

त्यामुळे 'देवाच्या आशीर्वादानं' हे शब्द त्यांच्यासमोर जपूनच वापरावे लागत. आमच्या एका नातेवाइकानं मीरा रोडला फ्लॅट घेतला आणि जेवायला बोलावून सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाचा आशीर्वाद, टीचर, दुसरं काय!" टीचर डुकराच्या मटणाचं सोरपोतेल वाढून घेत होत्या. तशाच थांबल्या. "आणि ज्याला नाय मिळाला त्याला काय देवानं शिवी दिली?" मग त्याच म्हणाल्या, "फ्लॅट चांगला हाय. उजेड येतो. त्याचं आभार मान. पण फ्लॅटला आशीर्वाद बोलू नको. उद्या गळायला लागला तर काय बोलशील?"

एकदा गल्लीत कुणाचीतरी नवी गाडी आली. गाडीला हार, समोर नारळाचा रस घालून तळलेल्या गोल फुग्यांचं ताट, आणि पवित्र पाणी शिंपडायला चर्चचे तेव्हाचे जुने फादर आलेले. टीचर आपल्या घरातून खराटा घेऊन आल्या आणि गाडीशेजारी उभ्या राहिल्या. "फादर, ह्याला पण." फादरना वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. "हा रोज काम करतो. गाडीनं अजून कायच केलं नाय." जुन्या फादरना त्यांची सवय होती. त्यांनी आधी खराट्यावर पाणी शिंपडलं, मग गाडीवर. गाडीवाला आठ दिवस टीचरशी बोलला नाही.

एवढ्यावर त्या गावठाणातली एक गंमत म्हणून माझ्या आठवणीत राहिल्या असत्या. तसं झालं नाही, कारण माझी ॲनी.

ॲनी जन्मली तेव्हा रडायला उशीर झाला. तेवढ्या काही मिनिटांत तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. ती चालायला लागली ती चौथ्या वर्षी, तीही झोकांड्या खात. बोलायला लागलीच नाही. तिला किती समजतं हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. माझं सगळं काम आकड्यांत असतं, वर आहे की खाली आहे ते कागदावर दिसतं. ॲनीचं काहीच कागदावर दिसत नव्हतं. तिच्या फाइलमध्ये एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं होती. येत नाही. जमत नाही. होणार नाही.

घरी सासूबाई नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थनांची नोव्हेना करायच्या. त्यांचं म्हणणं, आपल्या घराला आशीर्वाद कमी पडला. चर्चमधल्या बायका उलटं बोलायच्या. "अशी मुलं म्हणजे देवाचा आशीर्वाद असतात बरं का! देव निवडून आईबाप बघतो." असं म्हणून त्या आपापल्या बोलणाऱ्या मुलांचे हात धरून निघून जायच्या.

एक दिवस हे सगळं मी टीचरसमोर ओकले. त्यांच्या ओट्यावर बसले होते, ॲनी खाली मातीत बोटं घालत होती. मी म्हणाले, "टीचर, तुम्हीच सांगा. ही शिक्षा आहे की आशीर्वाद?"

टीचरनी छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं. "कोण बोलतं शिक्षा?"

"सासूबाई. म्हणजे तसं नाही म्हणत, पण..."

"आणि आशीर्वाद कोण बोलतं?"

"बाकीचे सगळे."

"दोघं पण गाढव हायत," टीचर म्हणाल्या. "ती काय तुला पाठवलेलं पार्सल हाय? शिक्षेचं, नायतर बक्षिसाचं? ती ॲनी हाय. आशीर्वाद तुला नाय दिला तिच्या रूपानं. आशीर्वाद तिला दिलाय. तिचा तिला. तिच्या डोक्यावर पाणी घातलं त्या बातिझ्माच्या दिवशी मी होते चर्चमध्ये, मी ऐकलंय. तू तुझा वेगळा शोध."

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ॲनीला माझ्या नशिबापासून वेगळं करून बघितलं होतं.

त्या वर्षी ॲनीच्या वयाची गल्लीतली मुलं पहिल्या कम्युनियनच्या तयारीला बसली. मी ॲनीचं नाव दिलं नव्हतं. द्यायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. टीचर स्वतः घरी आल्या. "मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी पाच. हिला माझ्या घरी घेऊन ये. बाकीच्यांबरोबर नाय, एकटीला."

"टीचर, हिला प्रार्थना म्हणता येणार नाहीत. कन्फेशन करता येणार नाही."

"हिनं काय पाप केलंय ते मला सांग, मी करते तिच्या वतीनं."

आणि शिकवणी सुरू झाली. मी लॅबमधून लवकर सुटून येत असे. प्रत्येक शिकवणीच्या सुरुवातीला टीचर ॲनीसमोर वाकून तिच्या डोळ्यांत बघून तिच्याबद्दलची एक खरी चांगली गोष्ट सांगायच्या. "आज तू चप्पल उलटी नाय घातलीस." "मांजर आली, तू दगड नाय मारलास." "आज तू मी दार उघडायच्या आधीच दाराकडे बघत होतीस." ॲनी ऐकायची की नाही, माहीत नाही. मी ऐकायचे. ही यादी कुठल्याही फाइलमध्ये नव्हती.

मग काय शिकवायच्या? काहीच नाही, असंच मला वाटायचं. आधी एक ग्लुकोजचं बिस्किट द्यायच्या. ॲनी लगेच आ करायची. "हे पोटाचं," टीचर म्हणायच्या. मग तिचा हात धरून शेजारच्या चर्चमध्ये न्यायच्या. दुपारनंतर चर्च रिकामंच असतं. आल्तारवर, म्हणजे वेदीवर, एक लहान सोनेरी पेटी असते, तिच्यात कम्युनियनचे होस्ट, भाकरीच्या पातळ गोल चकत्या ठेवतात, आणि तिच्याजवळ लाल दिवा तेवत असतो. त्या दिव्यासमोर ॲनीला बसवायचं, तिचा तळवा तिच्याच छातीवर ठेवायचा, आणि म्हणायचं, "येशू." एकदाच. मग दोघी नुसत्या बसून राहायच्या. ॲनी चुळबुळ करायची, बाकाला दात लावायची, मध्येच ओरडायची. तिचा आवाज घुमटात फिरून परत यायचा. टीचर हलायच्या नाहीत.

चार महिने गेले, सहा गेले. बाकीच्या मुलांचं कम्युनियन झालं. पांढरे फ्रॉक, पांढरे बूट, फोटो, केक. आमच्या घरासमोरूनच वाजतगाजत वरात गेली. मी खिडकी लावून घेतली. दोन दिवसांनी मंगळवार होता. पाच वाजता टीचर दारात. "चल."

"कशाला टीचर? झालं ना सगळ्यांचं."

"सगळ्यांचं झालं. हिचं राहिलंय."

अकराव्या महिन्यात, एका शुक्रवारी, आम्ही चर्चमध्ये शिरलो. मी माझी छत्री बाकाला टेकवून ठेवत होते. मान वर करून बघितलं तर ॲनी लाल दिव्यासमोर उभी होती आणि तिचा तळवा तिच्या छातीवर होता. कुणी ठेवलेला नव्हता. मी टीचरकडे बघितलं. मला वाटलं त्या रडतील, निदान हसतील. त्या म्हणाल्या, "हां. आता फादरकडे जाऊ."

तोपर्यंत जुने फादर बदलून गेले होते आणि नवे आले होते. तरुण, शिकलेले, नियमाचे पक्के. वाईट माणूस मुळीच नाही. त्यांनी आम्हाला ऑफिसात बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "बघा टीचर, अशा मुलांना कम्युनियन देता येतं. फक्त एवढंच कळायला हवं, की ही साधी भाकर नाही. तेवढं तिला कळतं का?"

"तुमाला कळतं, फादर?" टीचर म्हणाल्या. "पूर्ण?"

फादर हसले. पण त्यांनी अजून आल्तारवर न गेलेला, पवित्र न केलेला एक साधा होस्ट आणला आणि ॲनीसमोर धरला. झालं असं, की ॲनीचं लक्ष होतं त्यांच्या चष्म्यावर. तिनं एका हातानं चष्मा ओढला, दुसऱ्या हातानं होस्ट तोंडात टाकला, मग टेबलावरची त्यांची जपमाळ उचलून तीही चावायला घेतली. आणि वर खदखदून हसली. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

फादरनी जपमाळ हळूच सोडवून घेतली. खूप मायेनं म्हणाले, "असू दे. एक करू या. रविवारी तिला हात छातीवर आडवे ठेवून रांगेत घेऊन या. कम्युनियन नको, मी तिला आशीर्वाद देईन. दर रविवारी देईन. आशीर्वाद काही कमी नसतो."

मला ते पुरेसं वाटलं. खरंच वाटलं. मी लगेच म्हणाले, "हो फादर, चालेल. आशीर्वाद पुरे."

टीचर उठल्या. छत्री टेबलावर ठेवली. "कमी नसतोच, फादर. म्हणूनच तो उरलासुरला म्हणून देऊ नका. जेवायला वाढायचं नाय म्हणून डोक्यावर हात फिरवायचा, ह्याला आशीर्वाद नाय म्हणत. ह्याला वाटेला लावणं म्हणतात."

"टीचर, मी तसं म्हटलं नाही."

"तुमी नाय म्हटलंत. पण झालं तसंच. देव ज्याला आशीर्वाद देतो त्याला आत घेतो, टेबलावर बसवतो. दारातनं परत नाय पाठवत."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच चिडले. "टीचर, ते बिचारे एवढं प्रेमानं म्हणत होते. तुम्ही तोडून टाकलंत. मला नाही भांडायचं. मी थकलेय."

त्या थांबल्या. छत्रीचं टोक माझ्याकडे. "थक. बस. पाणी पी. पण पुरे बोलू नको. तिच्या वाटणीचं पुरे तू कशी बोलतेस? तिनं बोलली?"

मी ॲनीला ओढत घरी आणलं. दोन आठवडे आम्ही शिकवणीला गेलो नाही. टीचरही दारात आल्या नाहीत. पण त्यांचं ते वाक्य गेलं नाही. लॅबमध्ये काचेवर रक्ताचा थेंब पसरताना ते यायचं, भाजी निवडताना यायचं. तिनं बोलली? मला कळलं, की नऊ-दहा वर्षं मी हेच करत आले होते. शाळेनं नाही म्हटलं की पुरे, डॉक्टरांनी हात टेकले की पुरे, वाढदिवसाला तिला कुणी बोलावलं नाही की पुरे. सगळे 'पुरे' माझे होते. तिचा एकही नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मी एकटी फादरकडे गेले. चहा नको म्हटलं. "फादर, तिची परीक्षा परत घ्या. ऑफिसात नाही. ओळखीच्या जागी. आणि आज नाही झालं तर पुढच्या महिन्यात, तेव्हा नाही तर त्याच्या पुढच्या. मी येत राहीन."

फादर म्हणाले, "तुम्ही टीचरसारख्या बोलायला लागलात." आणि म्हणाले, "बघू." म्हणजे हो नाही, पण नाहीही नाही.

परतताना टीचर नळावर बादली भरत होत्या. मी कुठून येतेय हे त्यांना कुणी सांगितलं माहीत नाही. गावठाणात सांगावं लागत नाही. बादली खाली ठेवून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आज सापडलं," म्हणाल्या. "तू न बोलावता गेलीस." आणि बादली उचलून निघून गेल्या.

त्याच नळावर त्या पुढच्या महिन्यात पडल्या. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा वसईहून त्यांची भाची राहायला आली. मी भेटायला गेले. टीचर उशीला टेकून बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच, तपासणारे. त्या काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होत्या. घशातून नुसता आवाज यायचा. भाची म्हणाली, "सकाळपासून हेच करतेय, कळत नाही काय हवंय." टीचरनी डावा हात वर केला, पाच बोटं दाखवली, मग दाराकडे खूण केली.

त्या दिवशी मंगळवार होता. मी घड्याळ बघितलं आणि धावत जाऊन ॲनीला घेऊन आले.

त्यानंतर शिकवणी त्यांच्या पलंगाशेजारी भरू लागली. एक न बोलणारी बाई आणि एक न बोलणारी मुलगी. समोर लाल दिवा नव्हता, भिंतीवर येशूच्या हृदयाची तसबीर होती. टीचर डावा तळवा छातीवर ठेवायच्या. ॲनी ठेवायची. ती त्यांच्याकडे बघून कधी ओरडली नाही. लोकांचे आवाज तिला नेहमी घाबरवायचे, आता इथं आवाजच नव्हता. मी कोपऱ्यात बसून बघायचे आणि मला राहून राहून वाटायचं, की इथं शिकवतंय कोण आणि शिकतंय कोण ते आता सांगता येणार नाही.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजारी माणसांना घरी कम्युनियन द्यायला येतात. टीचरकडे आले ते नेमके पाचच्या सुमारास. आम्ही तिथं होतोच. भाचीनं मेणबत्ती लावली, पांढरा रुमाल पसरला. फादरनी प्रार्थना म्हटली, लहान डबी उघडली, होस्ट काढून टीचरच्या तोंडाजवळ नेला.

टीचरनी ओठ घट्ट मिटले.

फादरना वाटलं, त्यांना तोंड उघडायला त्रास होतोय. "हळू, टीचर. सावकाश." टीचरनी मान फिरवली. डावा हात उचलला आणि ॲनीकडे बोट केलं. आधी ती.

बाहेर एक विमान गेलं, मेणबत्तीची ज्योत हलली. फादरचा चेहरा लाल झाला. "टीचर, हे बरोबर नाही. असा हट्ट करायचा नसतो. हे तुमच्यासाठी आणलंय." टीचरनी मान हलवली, म्हणजे हो, हट्टच आहे. आणि बोट तसंच ठेवलं. त्यांचा हात खाली येत नव्हता. रोज मिस्साला जाणारी ही बाई. कम्युनियनवाचून एक दिवस न राहिलेली, दोन महिने हॉस्पिटल आणि पलंग यात अडकलेली. तिला त्या होस्टची किती भूक होती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी पुढे होऊन म्हणणार होते, टीचर, घ्या, तिचं नंतर बघू. शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला.

फादरनी होस्ट परत डबीत ठेवला. डबी बंद केली नाही. स्टूल ओढून ते ॲनीसमोर बसले. त्या दिवसापर्यंत ते तिच्याशी नेहमी उभ्यानं बोलले होते. बराच वेळ ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी होस्ट पुन्हा उचलला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला. काही विचारलं नाही.

ॲनीनं होस्टकडे बघितलं. चष्म्याकडे नाही. तिनं आ केला नाही, हात पुढे केला नाही. तिनं आपला तळवा उचलला आणि छातीवर ठेवला. आणि तसाच ठेवून ती फादरकडे बघत राहिली, जसं काही आता त्यांची पाळी आहे.

फादरनी डोळे पुसले की चष्मा पुसला, मला कळलं नाही. "रविवारी," ते म्हणाले. "आठच्या मिस्साला. सगळ्यांसमोर." मग टीचरकडे वळून म्हणाले, "आता तरी तुम्ही घ्याल?"

टीचरनी ओठ मिटले. वाकड्या तोंडानं त्या हसल्या आणि डाव्या हाताची दोन बोटं दाखवली. अजून दोन दिवस.

दारापर्यंत मी फादरना पोहोचवायला गेले. ते पायरीवर थांबले. म्हणाले, "आज मी टीचरना काही विचारलं असतं तर त्यांनाही एक शब्द बोलता आला नसता. तरी मी त्यांना द्यायला आलो होतो. काही न विचारता." आणि ते निघून गेले.

दोन दिवसांत पांढरा फ्रॉक कुठून शिवणार? सासूबाईंनी ट्रंकेतून आपल्या लग्नातली लेस काढली आणि ॲनीच्या जुन्या फिकट फ्रॉकला रात्रीच्या जेवणाआधीच टाचून दिली. टाके बारीक घातले होते.

रविवारी गल्लीतल्या चौघांनी टीचरना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. त्यातला एक पायरीवर बसणारा आमचा शेजारी होता, आणि त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. पहिल्या बाकाशेजारी खुर्ची ठेवली. कम्युनियनची वेळ आली तेव्हा फादर आल्तारवरून उतरून सरळ आमच्याकडे आले. चर्चमध्ये माणसं मान उंच करून बघत होती. फादर म्हणाले, "ॲनी, ख्रिस्ताचं शरीर." 'आमेन' म्हणायचं असतं. तिनं छातीवर हात ठेवला. फादरनी होस्ट तिच्या जिभेवर ठेवला. ती मोठ्यानं चावत होती, मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मग फादर टीचरकडे वळले. टीचरनी तोंड उघडलं.

त्या पुढे पाच महिने जगल्या. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीच्या आठवड्यात गेल्या, सकाळी, चहा पिता पिता. बोलणं परत आलं नाही. शेवटपर्यंत मंगळवार-शुक्रवार चुकला नाही.

ॲनी आता अठराची आहे. बोलत नाही. कागदी पिशव्या करायच्या एका केंद्रात जाते, निम्म्या वाकड्या होतात. रविवारी रांगेत ती माझ्यापुढे उभी असते.

मागच्या महिन्यात मिस्सा चालू असताना शेवटच्या बाकावरून एका लहान मुलीच्या किंचाळण्याचा आवाज येत होता. लोक वळून बघत होते. वाकोल्याहून नवीन राहायला आलेली एक तरुण आई, मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी, मान एका बाजूला कललेली. कम्युनियनची रांग लागली तशी ती आई पर्स सावरून, मुलीला उचलून दाराकडे निघाली. मी रांग सोडली आणि तिला व्हरांड्यात गाठलं.

"सॉरी, ताई," ती घाईनं म्हणाली. "मला माहितेय त्रास होतो सगळ्यांना. आम्ही घरीच प्रार्थना करू. तेवढं पुरे आहे."

"शनिवारी मला सुट्टी असते," मी म्हणाले. "दुपारी हिला घेऊन ये. क्रूसाच्या मागचं घर."

"ताई, ही बोलत नाही. हिला काही कळत नाही."

मुलीनं माझ्या गळ्यातली साखळी मुठीत धरून ओढली होती. चांगलीच घट्ट.

"हिची पकड चांगली आहे," मी मुलीला सांगितलं. मग आईला म्हणाले, "शनिवारी. आणि आत्ता परत आत चल, रांग अजून संपलेली नाही."